टोपीतला दगड

डेलॉय राझमुसेननं चर्चला जाणं सोडलं त्याला दोन उन्हाळे उलटले होते, तरी बर्च क्रीक गावात ते कोणी मनावर घेतलं नव्हतं. रविवारी सकाळी तो मार्व्हाला, आपल्या बायकोला, पिकअपमधून चर्चच्या दारात सोडायचा आणि गाडी वळवायचा. पायऱ्यांवर उभं असलेलं कोणी ना कोणी हात करून ओरडायचं, "काय डेलॉय, आज परत पाठ धरली वाटतं?" कधी पाठ, कधी बोअरच्या गाडीचं बिघडलेलं इंजिन. लोकच त्याच्यासाठी कारणं काढून ठेवायचे, आणि त्यालाही ते सोयीचं वाटायचं. खरं कारण पायऱ्यांवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतंच.

डेलॉयचा धंदा बोअर मारण्याचा. बापाकडून आलेला. सॅनपीटच्या दरीत निम्म्याहून जास्त बोअर या दोघांनी मारलेले. घराणं पहिल्या दिवसापासून मॉर्मन, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतच एका तरुण प्रेषितानं काढलेल्या ख्रिस्ती पंथातलं. खापरपणजोबा डेन्मार्कहून निघाला तो याच धर्मासाठी. म्हणूनच एकोणिसाव्या वर्षी डेलॉयला धर्मप्रचाराला पाठवायची वेळ आली, तेव्हा त्याची नेमणूक नेमकी डेन्मार्कला झाल्याचा घरात केवढा आनंद झाला होता. पांढरा सदरा, काळा टाय, छातीवर नावाची पट्टी. दोन वर्षं तो थंडीवाऱ्यात दारं ठोठावत फिरला. बहुतेक दारं तोंडावर बंद झाली. एका दारातल्या म्हाताऱ्यानं मात्र त्याला बोलू दिलं, आणि सगळं ऐकून झाल्यावर शांतपणे म्हणाला, "पोरा, तुझा तो प्रेषित टोपीत एक दगड टाकायचा, टोपीत तोंड खुपसायचा आणि बोलत सुटायचा. दुसरा माणूस ते उतरवून घ्यायचा. असा झाला तुमचा पवित्र ग्रंथ. त्याआधी तोच दगड घेऊन तो लोकांना पुरलेली संपत्ती शोधून द्यायला जायचा, रोजंदारीवर. हे तुला ठाऊक आहे का?"

डेलॉय मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये, पण अगदी अदबीनं म्हणाला होता, "असल्या खोट्या गोष्टी आमच्या शत्रूंनी पसरवल्यात. तुम्ही सत्पुरुष दिसता, तुम्ही त्या बोलू नयेत."

त्याला खात्रीच होती. रविवारच्या शाळेत भिंतीवर चित्र होतं ना: तरुण प्रेषित टेबलाशी बसलाय, समोर देवदूतानं दिलेले, अक्षरं कोरलेले सोन्याचे पत्रे उघडे आहेत, बोट ओळीवर आहे. त्या चित्रात टोपी कुठंच नव्हती.

पुढं डेलॉयचं लग्न झालं, मुली झाल्या, त्या लग्न होऊन आयडाहोला गेल्या, त्याच्या मिश्या पांढऱ्या झाल्या. आणि एके दिवशी चर्चच्याच मासिकात त्या दगडाचा फोटो छापून आला. अंड्याएवढा, चॉकलेटी रंगाचा, अंगावर पट्टे असलेला दगड. सोबत लिहिलं होतं की होय, प्रेषित तो टोपीत ठेवत असत. होय, तरुणपणी त्याच्या मदतीनं पुरलेल्या वस्तूही शोधत असत. गावानं पान उलटलं आणि पुढचा लेख वाचला. डेलॉयला ते पान उलटता येईना. तो दगड म्हणे प्रेषिताला शेजाऱ्याची विहीर खोदताना सापडला होता. आयुष्यभर विहिरींतून दगडच काढणाऱ्या डेलॉयला हे वाचून आधी हसू आलं, आणि मग ते हसू तोंडातच विरलं.

मग तो वाचत गेला. रानात प्रेषिताला झालेलं देवाचं पहिलं दर्शन, ज्यावर सगळी इमारत उभी, ते त्यानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलेलं होतं. एकदा एकच दिव्य पुरुष दिसला, एकदा दोन. वयही एकदा वेगळं पडलं होतं. खोटं कोण बोलत होतं? तो? की ज्यांनी भिंतीवर ते चित्र लावलं ते? सगळ्यात जास्त टोचत होतं ते डेन्मार्कमधलं दार. खरं बोलणाऱ्या माणसाला आपण खोटं पाडलं, आणि तेही एवढ्या अदबीनं.

त्यानं मार्व्हाला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दगडाचं मला आजीनं सांगितलं होतं. मी दहा-बारा वर्षांची असेन."

"मग तू मला कधी बोलली नाहीस ती?"

"तू कधी विचारलंस?" मार्व्हा म्हणाली. "आणि त्यात विचारण्यासारखं काय होतं? मोझेसकडे काठी होती, याच्याकडे दगड होता."

डेलॉयचा पाय तिथंच खऱ्या अर्थानं घसरला. भांडण झालं असतं, ती रडली असती, तर त्याला काही तरी धरायला मिळालं असतं. त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती आणि त्याच जमिनीवर उभी राहून बायको बटाटे सोलत होती.

*

त्या वर्षी दुष्काळ पडला. डोंगरावर बर्फ नावापुरतं पडलं, एप्रिलमध्येच वितळून गेलं. जूनच्या सुरुवातीला गार्थ ऑल्सेन डेलॉयच्या अंगणात येऊन उभा राहिला. गार्थ त्याचा शाळेपासूनचा मित्र, टर्की पाळायचा, आणि गेली काही वर्षं गावचा बिशपही होता. मॉर्मनांमध्ये बिशप म्हणजे कोणी शिकलेला पुरोहित नव्हे. आठवडाभर कोंबडखतात राबणारा माणूसच रविवारी टाय लावून ते काम करतो.

"डेलॉय, विहीर आटली रे माझी," गार्थ म्हणाला. "टँकरनं पाणी आणतोय. शेडमध्ये पक्षी तोंडं वासून बसलेत. नवा बोअर मारायला लागणार."

"मारू की. नकाशा बघतो. माझ्या अंदाजानं खालच्या अंगाला, त्या कॉटनवुडच्या झाडांपाशी, ती ओलीवरच वाढतात..."

"नकाशा आण," गार्थ म्हणाला, "आणि व्हर्डा आत्यालाही आण."

व्हर्डा ही त्याच्या बापाची धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली, आणि दरीतली एकमेव पाणाडी. वाळुंजाची बेचकी काडी दोन्ही मुठीत धरून ती रानातून चालायची, आणि काडीचं टोक खाली झुकलं की म्हणायची, इथं. डेलॉयचा बाप तिच्याशिवाय बोअर मारत नसे. डेलॉयही मारत नव्हता. पण ते आधीचं झालं.

"गार्थ, आता कोण काडीवर बोअर मारतं? विद्यापीठाच्या लोकांनी सगळ्या दरीखालच्या पाण्याचा नकाशा काढलाय."

"पैसे माझे, पक्षी माझे," गार्थ म्हणाला. "आणि हे बघ, मी बिशप म्हणून नाही सांगत. माझ्या बापाच्या विहिरीलाही तिचीच काडी होती."

आत्या आली ती डोक्याला रुमाल बांधून, एवढ्या उन्हात अंगात स्वेटर घालून. गुडघ्यांनी दगा दिला होता, तरी काडी हातात आली की तिची चाल सरळ व्हायची. खालच्या कॉटनवुडच्या झाडांजवळून ती गेली. काडी हलली नाही. शेडमधले टर्की सगळे एका सुरात गलबला करत होते. ती वरच्या कुंपणाकडे चढत गेली, जिथं नुसता कातळ आणि खुरटी झुडपं, आणि तिथं काडी अशी झुकली की तिची कोपरं अंगाला आवळली गेली.

"इथं," आत्या म्हणाली. "दीडशे फुटांच्या आत."

"आत्या, इथं कातळ आहे नुसता."

"मग कातळ फोड. तेवढ्यासाठीच देवानं तुला ती गाडी दिलीय ना?"

गार्थनं खूण म्हणून तिथं एक लाकूड ठोकलंसुद्धा.

दुपारी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून दोघं सँडविच खात होती. गार्थ पक्ष्यांकडे गेला होता. डेलॉयच्या थर्मासमध्ये कॉफी होती; धर्मानं वर्ज्य केलेली गोष्ट. आत्यानं वास ओळखला आणि काकडीची बरणी उघडली. तेव्हा मग डेलॉयच बोलला.

"आत्या, तुला त्या दगडाचं ठाऊक होतं?"

"कुठल्या?"

"टोपीतल्या."

आत्यानं खारवलेल्या काकडीचा तुकडा मोडला. "म्हणजे त्यापायी रुसून बसलायस होय तू! मला वाटलं गार्थ काही लागट बोलला."

"रुसलो नाही मी. आम्हाला खोटं शिकवलं गं. मी परक्या देशात जाऊन ते खोटं दारोदार सांगितलं. आणि तो माणूस तरी कोण? पुरलेलं सोनं शोधतो म्हणून शेतकऱ्यांकडून मजुरी घेणारा. एकदा तरी सोनं सापडलं का? एकदाही नाही. त्यानं सांगायचं, देवदूत आला, सोन्याचे पत्रे दिले, आणि आपण मानायचं."

"बरं," आत्या म्हणाली. "मग माझ्या काडीचं काय करायचं?"

"तुझ्या काडीचा काय संबंध?"

"तुझ्या बापानं आणि तू मिळून माझ्या काडीवर केवढी भोकं पाडलीत या दरीला. पाणी लागलं की नाही?"

"लागलं. पण आत्या, इथं जमिनीखाली पाणी आहेच. कुठंही मारलं तरी..."

"मग मला कशाला न्यायचास?"

गिऱ्हाइकांना हवं असायचं म्हणून, असं तो म्हणणार होता. पण ते खरं नव्हतं. काडी वळल्याशिवाय गाडी सुरू करायला त्याचाच हात धजायचा नाही.

"तू कोणाला सांगितलं नाहीस की देवदूत आला म्हणून," तो शेवटी म्हणाला. "तू कोणाकडे मिळकतीचा दहावा हिस्सा मागितला नाहीस. त्याच्यासारखी दुसऱ्यांच्या बायकांशी लग्नं लावली नाहीस."

"मला कोणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली आणि आपल्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसली.

डेलॉयला हसू आलं नाही. "आणि ते दर्शन? प्रत्येक वेळी वेगळं सांगितलंय त्यानं."

"तुझ्या काकाशी माझं लग्न कसं ठरलं ते मी तुला चारदा सांगितलं तर चार लग्नं होतील. एका वेळी तर पाऊस पडत होता म्हणते मी, आणि तुझी आई म्हणायची, चक्क ऊन होतं."

"आत्या, खरं सांग मला. ती काडी आपोआप वळते?"

आत्यानं दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि ते दुसऱ्याचे असावेत तसे बघत राहिली.

"कधी वळते," ती म्हणाली. "कधी मी वळवत असेन. कुठल्या वेळी कुठलं, ते मला सांगता येत नाही. मूठ आवळलेली असते रे. कोण कोणाला ओढतंय ते मनगटाला कळत नाही."

"मग लोकांना तू काय सांगतेस?"

"मी काहीच सांगत नाही. ते बघतच असतात."

डेलॉयनं उरलेली कॉफी जमिनीवर ओतली. तिनं म्हटलं असतं की आपोआप वळते, तर म्हातारी भोळी आहे म्हणून त्याला सोडून देता आलं असतं. मीच वळवते म्हणाली असती तर लबाड म्हणता आलं असतं. लाडकी लबाड, पण लबाडच. तिनं यातलं काहीच म्हटलं नव्हतं आणि ती समोर बसून बोटावरचं मेयोनीज पुसत होती.

*

दुसऱ्या दिवशी गाडी वरच्या कुंपणाशी लागली. सुरू करायच्या आधी गार्थनं टोपी काढली. "एक प्रार्थना करू या. तू म्हणतोस?"

"मी नाही."

"बरं, मीच म्हणतो."

गार्थची प्रार्थना साधी होती: पाणी लागू दे, डेलॉयचे हात सलामत राहू देत, पक्षी मरू देऊ नकोस. डेलॉय मुद्दाम डोळे उघडे ठेवून डोंगराकडे बघत होता. पण प्रार्थना संपताच त्याच्या तोंडून 'आमेन' निघून गेलं, इतकं मोठ्यानं की गार्थनं त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. डेलॉयनं घाईनं इंजिन सुरू केलं.

कातळ कठीण निघाला. पहिला दिवस नुसता धुरळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दीडशे फूट झाले, आणि वर आला तो कोरडा राखाडी भुगा. पाण्याचा ओलावासुद्धा नाही. डेलॉयला आतून उकळ्या फुटत होत्या. बघा, नुसती काडी होती ती. आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली; शेडमध्ये पक्षी धापा टाकत होते, टँकरवाला दिवसेंदिवस भाव वाढवत होता, आणि आपल्याला आनंद होतोय तो कशाचा?

गार्थ टँकर रिकामा करायला खाली गेला. इंजिन थंड होईपर्यंत डेलॉय पिकअपच्या सावलीत बसला. भुग्यात कातळाचा एक गुळगुळीत तुकडा आला होता, मुठीत मावेल एवढा. तो त्यानं उचलला, झटकला. आणि मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं डोक्यावरची टोपी काढली, तुकडा तिच्या तळाशी ठेवला, टोपी तोंडाशी नेली आणि तिच्यात चेहरा खुपसला.

आत घामाचा आणि डिझेलचा वास होता. अंधार होता. स्वतःच्याच श्वासानं गाल ओले झाले. थोड्या वेळानं डोळ्यांपुढं ठिपके नाचायला लागले, हिरवे, जांभळे. डोळे दाबले की कोणालाही दिसतात तसे. हे तर सगळ्यांनाच दिसतं, तो मनात म्हणाला. पण टोपी त्यानं बाजूला केली नाही. तो वाट बघत होता, आणि हे त्याला उशिरा लक्षात आलं. काही तरी दिसेल म्हणून तो खरोखरच वाट बघत होता, लहान मुलासारखी. एकदा वाटलं की ठिपक्यांच्या मागं काही हललं. अक्षर? पाणी? त्यानं नेट लावून पाहिलं तसं ते नाहीसं झालं.

"बरं वाटत नाही का रे?" गार्थचा आवाज आला.

डेलॉयनं टोपी खाली केली. कपाळावर दगडाचा भुगा चिकटला होता. "ऊन लागलं जरा."

गार्थनं टोपीतला दगड पाहिला की नाही, ते कळलं नाही. त्यानं गार पाण्याची बाटली पुढं केली आणि बोअरच्या तोंडाशी जाऊन भुगा बोटांत चोळून पाहिला.

"कोरडं?"

"कोरडं. आत्यानं दीडशे म्हटलं होतं. मी सांगतो तुला, इथं बंद करू. खाली कॉटनवुडपाशी उद्या सुरू करतो. निम्म्या पैशांत करतो."

गार्थनं बोटांवरचा भुगा पँटला पुसला. "तुला काय वाटतं? बोअरवाला म्हणून सांग. थांबायचं?"

डेलॉयनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. धंद्याच्या हिशोबानं थांबायलाच हवं होतं. "आणखी थोडं जाऊ," तो म्हणाला, आणि हे शब्द ऐकून गार्थपेक्षा जास्त त्यालाच नवल वाटलं.

आणखी थोडं म्हणता म्हणता तिसऱ्या दिवशीची दुपार झाली. तीनशेच्या पुढं गेल्यावर भुग्याचा रंग बदलला, मग तो ओला झाला, मग पाणी आलं. आलं ते असं की गाडीवर, गार्थवर, गार्थच्या बायकोनं वाळत घातलेल्या चादरींवर उडालं. गार्थ चिखलातच गुडघे टेकून बसला आणि रडायला लागला. डेलॉयही हसत होता. तेवढा वेळ त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

दुसरं सगळं नंतर आलं. नकाशा काढणाऱ्या विद्यापीठातल्या भूगर्भवाल्या बाईंना त्यानं फोन केला. त्या म्हणाल्या, "एवढ्या खोलवर तुम्हाला त्या शेतात कुठंही लागलं असतं. तो थर सगळ्या दरीखालून जातो. कॉटनवुडपाशी कदाचित थोडं आधी लागलं असतं, कदाचित नसतंही. खात्रीनं सांगायला तिथंही भोक पाडून बघावं लागेल."

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हटलं नव्हतं का?"

"दीडशे म्हटलं होतंस. तीनशेच्या पुढं लागलं."

"आकडे मला कधी जमलेच नाहीत," आत्या म्हणाली.

आणि रविवारी गार्थनं भर सभेत उभं राहून साक्ष दिली की देवानं प्रार्थना ऐकली, सिस्टर व्हर्डाच्या हातानं जागा दाखवली, आणि सगळे थांबा म्हणत असताना डेलॉयच्या अंतःकरणात 'पुढं जा' अशी वाणी घातली. मार्व्हानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा डेलॉय उडालाच.

"वाणी? थांबा म्हणणारा मीच होतो!"

"पण थांबला नाहीस ना," मार्व्हा म्हणाली. "का थांबला नाहीस?"



*

जुलैमध्ये लिओना ख्रिस्तेनसेननं बोलावलं. ही डोंगराच्या तोंडाशी मेंढ्या राखून राहणारी विधवा बाई, गार्थच्या विहिरीची गोष्ट ऐकून तिला आत्याच हवी होती. डेलॉय आत्याला घेऊन गेला. पण तोवर आत्याचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. गाडीतून तिला उतरता येईना. तिनं काडी खिडकीतून त्याच्यापुढं धरली.

"तू धर."

"मी?"

"हात आहेत ना तुला? तुझ्या बापालाही यायचं. त्याला आवडायचं नाही, म्हणून मी."

बापाचं हे डेलॉयला ठाऊक नव्हतं. लिओना आशेनं बघत होती. गंमत म्हणून त्यानं काडी घेतली, आत्या धरते तशी दोन मुठीत आवळली आणि चालायला लागला. उताराच्या खालच्या बाजूला लव्हाळ्यांची एक हिरवी पट्टी होती. तिथं पाणी वर असणार हे कोणाही बोअरवाल्याला दिसलं असतं. तो त्या दिशेनं चालला होता, मनात आत्याच्या नावानं हसत होता, आणि काडी खाली गेली.

झुकली नव्हती ती; कोणी खालून टोक धरून ओढावं तशी गेली. त्यानं मुठी आवळल्या तशी ओली साल सोलून त्याच्या तळहातावर राहिली आणि आतलं पांढरं लाकूड मुठीत फिरत राहिलं. त्यानं घाबरून काडी फेकून दिली.

लिओनानं तोंडावर हात धरला होता.

"मीच वळवली असणार," डेलॉय म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "लव्हाळी दिसली ना मला. हाताला ठाऊक होतं, म्हणून..."

"व्हर्डाही असंच काहीतरी बोलत असते," लिओना म्हणाली, आणि ओल्या डोळ्यांनी तिनं त्याच्या हातावर थोपटलं.

परतताना तो आत्याला म्हणाला, "ही काय भानगड आहे?"

"मला विचारू नकोस," आत्या म्हणाली. "मी साठ वर्षं काडी धरतेय, मला कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?" आणि गाडीच्या हेलकाव्यात तिला डुलकी लागली.

पुढचा रविवार आला. मार्व्हा चर्चमधून आली, ओव्हनमधलं मांस बाहेर काढलं, बटाट्यांवर चीज पसरलं आणि हसत म्हणाली, "तुझं नाव झालंय आज. काडीनं म्हणे तुझ्या हातातून उडी मारली आणि जमिनीत उभी रुतली. आणि तू डोळे मिटून खोली सांगितलीस."

डेलॉयच्या हातातला काटा तसाच राहिला. "मी फेकली ती! उडी कुठली? आणि खोलीचं तर मी अवाक्षर काढलं नाही."

"लिओना सांगत होती."

"म्हणजे ती खोटं बोलतेय."

"लिओना?" मार्व्हा चकित झाली. "ती कशाला खोटं बोलेल? तिनं जे पाहिलं ते सांगितलं. सांगताना रडत होती बिचारी."

"मग नीट ऐक. झालं ते असं झालं." डेलॉयनं ताट बाजूला सारलं. "मी उतारावरून चाललो होतो. लव्हाळ्यांपाशी पोचलो. आणि काडी खाली गेली. बस्स. एवढंच."

"मग तू घाबरलास कशाला?"

"कारण ती... लव्हाळी अजून लांब होती गं. मी तिथं पोचलोच नव्हतो. मधेच, कोरड्या जमिनीवर, अचानक ती..."



"आता तू लव्हाळ्यांपाशी पोचलो म्हणालास," मार्व्हा म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. जेवण वाढता वाढता सहज म्हणाली ती.

डेलॉयनं डोळे मिटले आणि तो उतार डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. लव्हाळी पायाशी होती. मग ती लांब होती. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट दिसत होती. दोन्हीत ऊन होतं, दोन्हीत लिओनानं तोंडावर हात धरला होता. आठवडासुद्धा धड झाला नव्हता. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, कोणाकडून काही मिळवायचं नव्हतं, उलट हे सगळं मोडून काढायचं होतं. आणि तरीही आपल्याच तोंडून एका दमात दोन हकिकती निघाल्या होत्या.

"पण त्यानं त्यावर धर्म उभा केला, मार्व्हा," तो एकदम म्हणाला. तिला संदर्भ लागायला क्षणभर वेळ लागला. "ते वेगळं आहे ना? लोकांनी घरंदारं सोडली त्याच्या शब्दावर. माझा खापरपणजोबा बोटीवर चढला. त्याची दोन पोरं वाटेत गेली."

"हो," मार्व्हा म्हणाली. "ते वेगळं आहे."

"मग मी बरोबरच केलं ना, सोडलं ते?"

"ते मी कसं सांगू, डेलॉय?" ती त्याच्या शेजारी बसली. "मला तू शेजारी बसायला हवा असतोस तिथं, एवढंच मला कळतं. जेव. गार होतंय."

लिओनाचा बोअर त्यानं पुढच्या आठवड्यात मारला. पाणी लागलं, पण बारीक. मेंढ्यांना पुरेल, बागेला नाही. धंद्यातल्या माणसानं त्याला कमकुवत बोअर म्हटलं असतं. लिओनानं त्याच्यासाठी जर्दाळूचा मुरंबा पाठवला आणि गावभर सांगितलं की देणगी बापाकडून मुलाकडे उतरली. डेलॉयनं गुराढोरांच्या खाद्याच्या दुकानात उभं राहून दोघा-तिघांना समजावलं की पाणी कमीच लागलं, जागा लव्हाळ्यांवरूनच दिसत होती, यात काही नाही. त्यांनी मान डोलावली. त्यातला एक बाहेर पडताना दुसऱ्याला म्हणाला, "बघ, गर्व कसा तो नाही."

ऑगस्टमध्ये फोन यायला लागले. खालच्या गावातले, अनोळखी. आवाज सगळ्यांचे सारखेच, कोरडे, घाबरलेले. विहीर आटलीय, गुरं आहेत, लेकरं आहेत. डेलॉय प्रत्येकाला सांगायचा, मी येऊन जमीन बघतो, नकाशा बघतो, बाकी मला काही विचारू नका. आणि पलीकडून ठरल्यासारखा प्रश्न यायचाच: "पण काडी आणाल ना?"

एका सकाळी असा फोन ठेवून तो दारात बूट घालत बसला. मार्व्हा अंगणातल्या टोमॅटोंना भांड्यानं मोजून पाणी घालत होती. ओढ्याकाठी जाऊन कोणी तरी कापून आणलेली वाळुंजाची ओली काडी ओट्यावर पडली होती. बहुधा आत्यानंच कोणाकडून धाडली असावी.

"नेणार आहेस?" मार्व्हानं विचारलं.

"नेली तर त्यांना वाटेल मला येतं."

"आणि नाही नेली तर?"

"तर वाटेल की येतं, पण मी देत नाही." त्यानं बुटाची नाडी ओढली ती तुटलीच. तो ती नाडी हातात धरून बसला. "मार्व्हा, आणि नेली, आणि ती वळली, तर मी काय समजायचं?"

मार्व्हानं भांडं खाली ठेवलं, काटकसरीनं वाचवलेलं ते पाणी सांडू नये अशा बेतानं, आणि विचार केला. खरंच विचार केला. तिच्या कपाळावर आठी आली.

"मला नाही ठाऊक," ती म्हणाली. "थांब, तुला दुसरी नाडी आणते."